नडगीवर पट्टे कसे उमटवावेत

माझ्या दोन्ही नडग्यांवर सध्या सात-सात चौकोनी पट्टे आहेत. तपकिरी, रेखीव कडांचे, एकाखाली एक, चाळीच्या जिन्यासारखे. पुतणीच्या साखरपुड्याला हौसेने नऊवारी नेसले, तर धाकट्या पुतण्याने खाली बसून ते बोटाने मोजले आणि भर पंगतीत विचारलं, "काकू, तुला कुणी इस्त्री केली?"

असे पट्टे तुम्हालाही हवे असतील तर सांगते. पायांवरचे केस लेझरने काढून घ्यायला गेले होते. तीन सेशन आणि २८ हजार रुपये मोजून मिळवलेली विद्या आहे, फुकट देतेय, घ्या.

आधी मुहूर्त बघा. मे महिना उत्तम. त्याआधी चार दिवस दिवेआगरच्या वाळूत उघड्या पायांनी हिंडून या, म्हणजे कातडी छान रापते. रापलेल्या कातडीचं महत्त्व असं, की लेझरला केस कळत नाही, त्याला फक्त काळा रंग कळतो. केसातलं मेलॅनिन, म्हणजे त्याला काळा करणारं रंगद्रव्य, लेझरचा उजेड शोषतं, तापतं, आणि त्या धगीने केसाचं मूळ होरपळतं. १९८३ साली अमेरिकेत अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी हे तत्त्व मांडलं: नेमक्या रंगाचा उजेड नेमका तेवढाच वेळ सोडला, तर हवं तेवढंच जळतं आणि शेजारचं वाचतं. विज्ञान पक्कं आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण मेलॅनिन कातडीतही असतं आणि उन्हाने ते वाढतं. मग केसाला मिळायची ती धग कातडी मध्येच खाऊन टाकते. मुंबईत त्यासाठी दिवेआगरलाच जायला हवं असंही नाही, दुपारच्या लोकलची उन्हाकडची खिडकी महिनाभर पकडली तरी भागतं.

आठ दिवस आधी वॅक्सिंगही करून घ्या. केस मुळासकट उपटला की लेझरला जाळायला काही उरत नाही, पैसे मात्र पूर्ण लागतात. रेझर फिरवला तर मूळ आत राहतं आणि काम होतं, म्हणून रेझर टाळा.

पॅच टेस्ट, म्हणजे आधी कातडीच्या छोट्याशा तुकड्यावर करून बघणं, मागू नका.

मशीन कुठलं, हे चुकूनही विचारू नका. मीही विचारलं नव्हतं. पुढे महापालिकेच्या इस्पितळात केसपेपर काढून त्वचेच्या ओपीडीत बसले, तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "मशीन कुठलं होतं?" मी म्हटलं, "पांढरं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मागे साठ माणसांची रांग असताना त्या बाईंनी मला जे पाच मिनिटांत समजावलं, ते २८ हजार घेणाऱ्यांनी तीन महिन्यांत समजावलं नव्हतं. लेझरचे प्रकार असतात आणि प्रत्येकाच्या उजेडाची तरंगलांबी वेगळी: अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटरचा, डायोड साधारण ८१०चा, एनडी-याग १०६४चा. आकडा जितका मोठा तितका उजेड खोल जातो आणि वरच्या कातडीतल्या रंगाला कमी छेडतो. गोऱ्यापासून काळ्यापर्यंत कातडीचे सहा प्रकार मानतात, आपण बहुतेक भारतीय चौथ्या-पाचव्यात मोडतो. अशा कातडीला एनडी-याग सगळ्यात सुरक्षित. डायोडही चालतो, पण हात जाणता हवा आणि कातडी गार ठेवायची सोय नीट हवी. आणि आयपीएल म्हणून जो प्रकार आहे तो लेझर नव्हेच, गाळणी लावलेला झगझगीत दिवा आहे. बोर्डावर मात्र सगळं 'लेझर'च असतं, जसं हॉटेलच्या मेन्यूत सगळ्याला 'कोल्हापुरी' म्हणतात.

'परमनंट' या शब्दावर गाढ श्रद्धा ठेवा. अमेरिकेचं एफडीए, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणारं सरकारी खातं, या मशीनना 'कायमची घट' एवढंच म्हणू देतं, 'कायमचं उच्चाटन' म्हणू देत नाही. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली नियमावली काढली, तिच्या नावातही 'रिडक्शन'च आहे. कारण सगळे केस एका वेळी वाढत नसतात. डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस वाढीत असतात, पायावरचे त्यामानाने फारच थोडे, आणि लेझर फक्त वाढत्या केसाचं मूळ गाठतो. म्हणून सहा-आठ सेशन, चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांनी, पायांना त्याहून उशिरा, आणि नंतर अधूनमधून उजळणी. एवढं केल्यावर केस पुष्कळ कमी होतात, उरतात ते बारीक आणि फिके होतात. चांगलाच गुण आहे हा. पण 'पुष्कळ कमी' असं लिहून पॅकेज विकलं जात नाही ना.

आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंना तर हनुवटीवरच्या पांढऱ्या केसांसाठी सहा सेशनचं पॅकेज विकलं. पांढऱ्या केसात रंगच नाही, लेझर त्याच्या बाबतीत ठार आंधळा. तिथे एकेका केसात सुई घालून करायचं इलेक्ट्रॉलिसिसच लागतं. काकू तीन वेळा जाऊन आल्या, म्हणाल्या, "गार वाटतं पण." गार वाटायचे चार हजार.

पाळी चारचार महिने येत नसेल आणि हनुवटीवर दाट केस असतील, तर रक्त वगैरे मुळीच तपासू नका. पीसीओएस, म्हणजे बीजकोशांचा हार्मोन बिघडवणारा आजार, आतून नवे केस पेरत राहील, तुम्ही बाहेरून जाळत राहा, दोघींचाही धंदा चालू. चेहऱ्यावर आणि मानेवर कधीकधी लेझरनेच बारीक लव उलट दाट होते, हेही आधी कुणी सांगत नाही. ते बोनस समजा.

लेझरने कॅन्सर होतो असं लेडीज डब्यात कुणी सांगितलं, तर ते मात्र खरोखरच कानाआड करा. हा क्ष-किरण नव्हे, उजेड आहे, काही मिलिमीटरच्या पलीकडे जात नाही. घाबरायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. चष्मा, उदाहरणार्थ. त्या-त्या लेझरचा खास चष्मा डोळ्यांवर न घालता भुवईखाली मशीन लावू द्या, आयुष्यभर आठवण राहील.

आणि दुखू नये म्हणून बधिर करायचं क्रीम दोन्ही पायांना भरपूर चोपडून वर प्लॅस्टिक गुंडाळा... नाही, हा सल्ला चेष्टेतही देववत नाही. अमेरिकेत २२ आणि २५ वर्षांच्या दोन मुलींनी लेझरला जाण्याआधी नेमकं हेच केलं होतं. औषध रक्तात उतरलं, झटके आले, कोमात गेल्या आणि दोघीही वाचल्या नाहीत. २००७ साली एफडीएने जाहीर इशारा दिला. आणि मला रिसेप्शनवरच्या मुलीने ट्यूब हातात देऊन सांगितलं, "मॅम, घरूनच रॅप करून या, इथे वेळ वाचतो."

आता मुख्य कानमंत्र. डॉक्टर कुठे आहेत, असं विचारायचं नाही.

दारावर नाव होतं. भिंतीवर फ्रेम होती, फ्रेममध्ये कोट घातलेला हसरा फोटो होता. पहिल्या सेशनला डॉक्टर दुसऱ्या ब्रांचला होते. दुसऱ्याला कॉन्फरन्सला. तिसऱ्याला, म्हणजे दिवेआगरहून आल्यावर, मी हट्टच धरला, तर व्हिडिओ कॉल लावून दिला. डॉक्टर गाडीत. मागे हॉर्न. "पाय दाखवा." मी बेडवर आडवी पडून पाय मोबाईलसमोर धरला. चित्र अडकलं, आवाज गेला, मग नुसता आवाज आला, "ओके आहे, करा." झाली तपासणी! हात फिरवणारी मुलगी असेल बावीसची. तिच्यावर माझा राग नाही, तिला मशीन चालू-बंद करायला शिकवलंय आणि सकाळपासून तिने जेवणही केलेलं नव्हतं. पण मी म्हटलं, "अगं, चटका बसतोय," तर म्हणाली, "थोडं सहन करा मॅम, म्हणजे रिझल्ट येतो." पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. केसांच्या मुळाशी थोडी लाली आणि बारीक सूज येते, ती यायलाच हवी. कातडी पांढरी-करडी पडायला लागली तर हात तिथेच थांबायला हवा. हे तिला कुणी सांगायचं होतं? फ्रेममधल्या फोटोने? चौदा चटके, चौदा! रात्री फोड आले. फोटो पाठवले. निळी खूण आली, उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी: 'नॉर्मल आहे मॅम, हीट बाहेर निघतेय, अ‍ॅलोव्हेरा लावा.' हीट निघतेय! मी काय कुकर आहे? पैसे परत मागितले, तर सही केलेला फॉर्म दाखवला. इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात, 'क्वचित डाग पडू शकतात.' सही माझीच. वाचलं नव्हतं.

हो, पक्कं बिलही घेऊ नका. उद्या ग्राहक आयोगात जावंसं वाटलं तर उगाच कामाला येईल.

पुरे झालं. बायांनो, आपण कोळणीपुढे बसून पापलेटचे कल्ले उचलून बघतो. साडीच्या दुकानात जरीचा धागा नखाने खरवडतो. रिक्षाचं मीटर एक रुपया जास्त पडलं तर हुज्जत घालतो. आणि अंगावर पेटतं यंत्र फिरवणाऱ्याला साधं विचारत नाही, की बाबा, तू कोण? 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' हे पाटीवर रंगवायला कुणाची परवानगी लागत नाही. त्वचेचं एमडी, डीएनबी, डीडीव्हीएल यांतली पदवी काय ते विचारा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी नंबर विचारा, मशीनचं नाव विचारा, पिंपल्सच्या किंवा कुठल्याही गोळ्या चालू असतील तर आपणहून सांगा. चटका बसला तर बेडवरून उठा. लाज कसली? आणि दुकान मांडून बसलेल्यांनो, चेहरा तुमचा पाटीवर आणि कातडी आमची टेबलावर, एवढं तरी करा की पेशंट आडवा असताना इमारतीत असा.

डाग जायला सहा महिने, कदाचित वर्ष, असं ओपीडीतल्या बाई म्हणाल्या. ऊन टाळा, सनस्क्रीन लावा, खाजवू नका.

आज सकाळी त्या लेझरवाल्यांचाच मेसेज आलाय: 'डिअर मॅम, चौथं सेशन ड्यू आहे. राखीनिमित्त बहिणीला सोबत आणा, तिचे अंडरआर्म्स फ्री.' तो मी संतापाने बहिणीला डोंबिवलीला पुढे पाठवला. तिचं उत्तर आलं, "फक्त अंडरआर्म्सच का गं?"