आम्हाला नका सांगू उकाडा!

मंडळी, अभिनंदन! व्हिसा आला. लग्नाच्या पत्रिकेत छत्तीस गुण जुळवणं एक वेळ सोपं, पण ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचे पासष्ट जुळवता जुळवता माणसाचे केस पिकतात. सिडनी-मेलबर्नच्या रांगेत कंटाळलात, तेव्हा कुणीतरी कानात सांगितलं की नॉर्दर्न टेरिटरीने नामांकन दिलं की पदरात १५ गुण जास्तीचे पडतात. लगेच हो म्हणालात. आता एकदा नकाशा उघडून तिथली राजधानी डार्विन नेमकी आहे कुठे ते बघून घ्या. अर्ज भरताना बघितलं नव्हतंत, हे मला ठाऊक आहे. मीही नव्हतं बघितलं.

विषुववृत्ताच्या खाली जेमतेम १२ अंशांवर. सिडनीपेक्षा जकार्ता जवळ. ज्याच्या नावाचं हे गाव, तो चार्ल्स डार्विन इथे कधी फिरकलासुद्धा नाही. १८३९ मध्ये बीगल जहाज या बंदरात शिरलं तेव्हा स्वारी इंग्लंडात होती. जुन्या सहप्रवाशांनी आठवण म्हणून बंदराला त्याचं नाव देऊन टाकलं. त्याला गुणांची गरज नव्हती.

यायला ऑक्टोबर उत्तम. दसरा झाला की निघा. मे ते ऑगस्ट इथे आकाश निळंभोर, हवा कोरडी, रात्री चादर ओढावीशी वाटेल इतका गारवा. अशा दिवसांत आलात तर गाव आवडून बसण्याचा धोका असतो.

विमानात एक कार्ड भरायला देतात. खाण्याचे पदार्थ, बिया, झाडपाला, दुधाचं काही आहे का, अशी चौकशी असते. तिथे डोळे मिटून सगळीकडे ‘नाही’वर खूण करा. आईने साडीच्या घडीत ठेवलेला कढीपत्ता म्हणजे काही झाडपाला नव्हे, तो संस्कार आहे. जे आहे ते कबूल केलं तर फार तर काढून घेतात, दंड होतो तो लपवल्याचा, असं शहाणी माणसं सांगतील. ऐकू नका. मग पहिल्या रविवारी रॅपिड क्रीकच्या बाजारात जा. तिथे भेंडी, कारली आणि कढीपत्त्याच्या जुड्या रचून ठेवलेल्या दिसतील, त्या बघत थोडा वेळ शांत उभे राहा.

आता मुख्य सल्ला. इथे भेटेल तो पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला हवेबद्दल सांगायला लागेल. त्याला मध्येच थांबवायचं आणि म्हणायचं, ‘आम्ही कोकणातले, आम्हाला नका सांगू उकाडा.’ पावसाचा विषय निघाला तरी हेच वाक्य, फक्त उकाड्याच्या जागी पाऊस. डार्विनला वर्षाला साधारण १,७०० मिलिमीटर पडतो. आमच्या चिपळूणला एवढा तर श्रावण लागायच्या आधीच पडून जातो. आम्ही २००५ चा पूर बघितलाय, २०२१ चा बघितलाय, आम्हाला काय सांगता! (तुम्ही पुण्याचे असाल तर हा परिच्छेद सोडून द्या. तुम्हाला सगळं आधीच माहीत असतं.)

आजूबाजूला बघून हा आत्मविश्वास वाढतच जाईल. दारात चाफा, कुंपणाला बोगनवेल, रस्त्याकडेला माड, परसात आंब्याचं झाड. हे तर गुहागरच, फक्त रस्ते बरे! असं घरी कळवून टाका.

पहिल्या रात्री पाल चुकचुकेल. आपल्याकडे मनात शंकेची पाल चुकचुकते. इथे ती छतावर, पडद्यामागे आणि एसीच्या खोक्यात चुकचुकते, रात्रभर, आणि तिचा आवाज आपल्याकडच्या पालीपेक्षा दुप्पट. शंका कशाची घ्यायची तेवढं तुम्ही ठरवा. घाबरू नका, ही मूळची इथली नाही. तीसुद्धा आशियातूनच आली, आणि गुण न जुळवता स्थायिक झाली. मध्यरात्री बाहेर एखादी बाई जिवाच्या आकांताने रडल्यासारखा आवाज येईल. लगेच पोलिसांना फोन करा. ते अगदी सौजन्याने सांगतील की तो पक्षी आहे, आपल्या करवानकाचा चुलतभाऊ. मी फोन केला नव्हता. मी दाराला आतून खुर्ची लावून बसलो होतो.

सकाळी संडासात गेलात की भांड्यात एक हिरवागार, तळहाताएवढा बेडूक बसलेला असेल. त्याला फ्लश करून पाहा. तो कडेच्या आतल्या बाजूला चिकटून बसतो, पाणी ओसरलं की पुन्हा खाली येतो, आणि भाडं तोच भरत असल्यासारखा तुमच्याकडे बघतो. दोन आठवड्यांनी तुम्ही आत जाण्यापूर्वी दारावर टकटक करायला लागाल.

आता उकाडा. ऑक्टोबरपासून पाऊस लागेपर्यंतच्या दिवसांना इथले लोक ‘बिल्ड-अप’ म्हणतात. आपल्याकडे वळवाच्या आधी गदगदतं ना, मळभ येतं, पान हलत नाही, आणि सगळे म्हणतात की आज नक्की पडणार? तसंच. फक्त आपल्याकडे ते दोन-चार दिवस चालतं आणि इथे दोन-अडीच महिने. तापमानाचा आकडा विचाराल तर ३४. चंद्रपूरच्या मित्राला हा आकडा चुकूनही कळवू नका, तो तीन दिवस हसत राहील. आकड्यात काही नाही, जे आहे ते हवेत आहे. अंघोळ करून टॉवेलने पुसता पुसता माणूस पुन्हा ओला होतो आणि कुठलं पाणी पुसतोय ते कळत नाही. थंड पाण्याचा नळ सोडला की कढत पाणी येतं. कपाटातला चामड्याचा पट्टा एक दिवस बाहेर काढला, तर त्यावर हिरवट मखमल उगवलेली. पाठीवर घामोळं, मानेवर घामोळं, आणि लहानपणी ज्या पावडरीच्या डब्याला आपण नाक मुरडायचो, तो इथे कुठे मिळेल याची शोधाशोध.

या दिवसांत माणसं विनाकारण भांडतात. त्याला इथे ‘मँगो मॅडनेस’ म्हणतात, कारण आंबे याच दिवसांत पिकतात. तुम्ही मात्र बायकोशी भांडण झालं की त्याला नेहमीचंच भांडण म्हणा. आयतं कारण मिळत असताना ते न वापरणं हाच मराठी बाणा.

रोज दुपारी उत्तरेकडे बघत जा. तिकडे समुद्रापलीकडे तिवी बेटं आहेत. दोन्ही बाजूंचे समुद्री वारे बेटांवर येऊन एकमेकांना भिडतात, आणि बघता बघता तिथे ढगांचा एक मनोरा उभा राहतो, जवळजवळ २० किलोमीटर उंच. तो इतका नेमाने येतो की दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांनी त्याचं नावच ठेवलं, हेक्टर. ते मात्र दृश्य आहे, थट्टा बाजूला. तर हेक्टर दिसला की लगेच घरी फोन लावायचा. भारताशी वेळेचा फरक बरोबर चार तासांचा, हिशोब सोपा. आई विचारेल, ‘पाऊस लागला का रे?’ तुम्ही सांगायचं, ‘आज नक्की लागणार, काळंकुट्ट भरून आलंय.’ हेक्टर तिकडे बेटांवर कोसळून मोकळा होईल. इथे पान हलणार नाही. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा विचारेल. तुम्ही पुन्हा तेच सांगायचं. तिसऱ्या आठवड्यात ती विचारणं बंद करते आणि ‘जेवलास का’वर येते.

काकडूच्या राष्ट्रीय उद्यानाकडचे मूळ रहिवासी, बिनिंज लोक, कोरडा आणि ओला असे दोन नव्हे, सहा ऋतू मानतात, अगदी आपल्यासारखे. या मळभाच्या ऋतूला त्यांच्याकडे नाव आहे, गुनुमेलेंग. हजारो वर्षं याच हवेत राहिलेल्या लोकांना त्यासाठी वेगळं नाव ठेवावंसं वाटलं, यावरून काही बोध घेण्यासारखा आहे. घेऊ नका. आपण कोकणातले.

एवढ्या तलखीत समोर निळाशार समुद्र, आणि किनारा लांबच लांब रिकामा. पाण्यात एक माणूस नाही! तुम्ही एवढाच अर्थ काढा की इथल्या लोकांना पोहता येत नाही. किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरची बाटली अडकवलेली असते. कुणीतरी सॅलड खाऊन विसरून गेलं असावं. ऑक्टोबर ते मे या समुद्रात बॉक्स जेलिफिश असतो, त्याचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो आणि व्हिनेगर त्यासाठी आहे, हे सगळं त्याच खांबावरच्या फलकावर लिहिलेलं असतं. पण आपल्याकडे फलक वाचण्यासाठी नसतात, पाठ टेकण्यासाठी असतात.

आणि मगर. नदीतली आपली गरीब मगर डोळ्यांसमोर असेल तर ती पुसून टाका. ही खाऱ्या पाण्यातली. १९७१ मध्ये टेरिटरीत तिच्या शिकारीवर बंदी आली तेव्हा जेमतेम ३,००० उरल्या होत्या. आता लाखाच्या घरात आहेत. डार्विनच्या बंदरातूनच दरवर्षी दोनशेहून जास्त पिंजऱ्यात धरून काढतात. इथल्या संग्रहालयात ‘स्वीटहार्ट’ नावाचा ५.१ मीटरचा नर पेंढा भरून ठेवलाय. सत्तरच्या दशकात तो मासेमारीच्या होड्यांवर धावून जायचा. माणसाला हात लावला नाही कधी, त्याचा राग होडीच्या मोटरवर. १९७९ मध्ये त्याला पकडून दुसरीकडे हलवायला गेले, तेव्हा त्या धावपळीत बुडून मेला. पहिल्यांदा त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मी शेजारच्या माणसाला म्हणालो, ‘आमच्या वाशिष्ठीतही मगरी आहेत.’ त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वीटहार्टकडे. पुढे काही बोलला नाही.

नियम असा की पाण्याच्या कडेपासून निदान पाच मीटर मागे राहायचं, आणि रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी पाण्याकाठी जायचं नाही. मगर पाण्याखालून माणसाची सवय बघून ठेवते. आपल्यासारख्यांना हे जड जाणार. चाळीस वर्षं सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्याच बाकावर बसणारे वडील तुम्ही पुढच्या वर्षी इथे बोलावणार आहात. वक्तशीर माणसाचं असं मनापासून कौतुक करणारा प्राणी दुसरा नाही.

दिवाळी येईल. दुकानात जाऊन फटाके मागा. इथे फटाके वर्षातून एकदाच, १ जुलैला, संध्याकाळी सहा ते रात्री अकरा. १९७८ मध्ये त्या दिवशी टेरिटरीला स्वतःचं सरकार मिळालं, त्याचा हा आनंद. तेव्हा नरकासुराला जुलैपर्यंत थांबायला सांगा. चकल्या करा. कढईतून काढली की कुरकुरीत, ताटात ठेवली की बरी, पाहुण्याच्या हातात जाईपर्यंत मऊ. पाडव्याच्या गुढीला कडुनिंब लागेल याची चिंता आत्ताच करू नका. झाडं मुबलक आहेत. फक्त सरकारने ते तण म्हणून घोषित केलंय. लावायला बंदी, विकायला बंदी, इकडून तिकडे न्यायलाही बंदी. डहाळी घेऊन जाताना कुणी हटकलंच तर आरोग्यावर व्याख्यान द्या.

शेजारच्या बाई एका संध्याकाळी आंब्यांची पिशवी दारात ठेवून जातील. केन्सिंग्टन प्राइड, घरच्या झाडाचे. एक कापून खा आणि म्हणा, ‘छान आहे, पण हापूस नाही.’ दुसरा खा आणि पुन्हा म्हणा. माझा अनुभव असा की सहाव्या आंब्यापर्यंत हे वाक्य खणखणीत येतं, मग तोंड भरलेलं असल्यामुळे उच्चार जरा बिघडतो.

याच बाई नोव्हेंबरात विचारतील, चक्रीवादळाची पेटी भरलीत का? पाणी, डबाबंद खाणं, बॅटरीवरचा रेडिओ, औषधं, कागदपत्रं. तुम्ही तुमचं वाक्य म्हणा. आम्ही कोकणातले, आम्ही २०२० चं निसर्ग वादळ बघितलंय. मी म्हणालो होतो. १९७४ च्या नाताळच्या आदल्या रात्री ट्रेसी वादळ आलं तेव्हा बाई सहा वर्षांच्या होत्या. ६६ माणसं गेली, गावातली सत्तर टक्क्यांहून जास्त घरं झोपली, तीस हजारांवर लोकांना गाव सोडून बाहेर न्यावं लागलं. यातलं बाई काहीच बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘आम्ही बाथरूममध्ये होतो. सकाळी बाथरूमच राहिलं होतं.’ आणि यादीचा कागद माझ्या हातात देऊन गेल्या. पेटी मी त्याच रात्री भरली. हे कुणाला सांगू नका.

मग एक दिवस, तुम्ही आशा सोडून कपडे वाळत घातलेत, आईला फोनवर ‘जेवलो’ म्हणून सांगताय, आणि वारा फिरेल. मातीचा वास येईल. तोच वास, अगदी तोच. पहिले चार थेंब पत्र्यावर खडे मारल्यासारखे वाजतील आणि मग एकदम आभाळ फाटेल. फोन तसाच टाका. पहिल्या पावसात भिजायचं ते अनवाणीच, कोकणातला माणूस काय बूट घालून भिजणार? अंगणात मधोमध उभे राहा, हात पसरा, तोंड वर करा.

शेजारच्या व्हरांड्यातून बाई ओरडतील, ‘बूट! पायात बूट घाल!’ मेलिऑइडोसिस नावाचा आजार आहे. त्याचे जंतू इथल्या मातीत असतात, पाऊस लागला की वर येतात आणि पायाच्या बारीकशा जखमेतून आत शिरतात, माणूस दगावूही शकतो. बाई हे सगळं त्या पावसाच्या वरताण ओरडून सांगतील, आणि तुमच्या टाचेला तर भेग आहेच.

तेव्हा आत पळा. पलंगाखालून बूट काढा, त्यांच्यावरची बुरशी पुसा, ओल्या पायात मोजे चढत नाहीत ते कसेबसे चढवा, नाड्या बांधा आणि धावत बाहेर या.

थांबलेला असेल.