हजार किलोमीटर, दोन तास

परवा संध्याकाळी नाशिकला गंगापूर रोडच्या कट्ट्यावर चहा यायच्या आधीच वाद पेटला. आमच्यातला एक जण पुढच्या महिन्यात ओझरहून विमानाने दिल्लीला आणि तिथून रेल्वेने हरिद्वारला निघालाय. त्याचा हिशोब तयार होता. "ओझर ते दिल्ली सरळ रेषेत हजार किलोमीटर. विमान ताशी आठशेने उडतं. म्हणजे सव्वा तास! मग तिकिटावर दोन तास कशाला?"

"अरे, ती वेळ नुसती हवेतली नसते," मी म्हटलं. "विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि दिल्लीत जागेवर उभं राहिलं की संपते." धावपट्टीपर्यंत जायचं, रांगेत थांबायचं, उतरल्यावर टर्मिनल गाठायचं, आणि दिल्लीत तर ते लवकर येतच नाही. त्यात दहा हजार फुटांखाली 250 नॉटची मर्यादा, म्हणजे ताशी 463 किलोमीटर. तुझे आठशे फक्त मधल्या टप्प्यात.

आप्पांची लेक सॅन फ्रान्सिस्कोला असते. ते म्हणाले, "ते असू दे. पण अंतर कमी तर वेळ कमी, एवढं तरी खरं ना?"

तेही नाही, आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. 2016च्या ऑक्टोबरात ते पॅसिफिकवरून न्यायला लागले. वाट सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 झाली आणि प्रवास साडेचौदा तासांत झाला, आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी.

आप्पांनी कप खाली ठेवला. "कसं काय?"

"वारा, आप्पा. विमानं उडतात त्या उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो. पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडे जाताना तो पाठीशी असतो. तुम्ही पावसाळ्यात सायकलवर त्र्यंबकला जायचात ना? जाताना वारा छातीवर, पायडल हलत नाही. येताना नुसतं बसायचं."

"तो चढ आहे रे! त्र्यंबक उंचावर आहे, वाऱ्याला कशाला श्रेय देतोस?" हरिद्वारवाला मध्येच.

मुद्दा बिनतोड होता, चढ आहेच. मग मी मुंबई-लंडन काढलं. तेच 7,200 किलोमीटर, तसंच विमान, तरी परतीला साधारण तासभर कमी लागतो. आता आकाशात कुठला चढ?

यावर तो गप्प झाला, पण वाऱ्यामुळे नाही. त्याने मोबाइल काढून हरिद्वारच्या गाडीची वेळ पाहिली. सव्वा तासाच्या हिशोबाने काढलेलं तिकीट. दोन तास धरले तर विमान थांबल्यावर हातात पाऊण तास. त्यातली वीसेक मिनिटं एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रोची, आणि बॅगा यायच्या त्या वेगळ्याच.

"रात्रीची गाडी बघ," आप्पा म्हणाले. चहा निवेपर्यंत त्याने ती बुक केलीसुद्धा.