सी३ म्हणजे जंप की रिटर्न?
असेंब्ली (प्रोसेसरला थेट सूचना द्यायची भाषा) शिकण्यावरच्या लेखात म्हटलंय, तिला हात घालायचा तर आधी सी भाषा पक्की हवी. नाही पटलं भाऊ. आम्ही नागपुरात कॉलेजच्या लॅबमध्ये ८०८५ या जुन्या प्रोसेसरच्या किटवर एकेक हेक्स कोड (सूचनेचा आकडा) बोटानं दाबत शिकलो. लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. (मे महिन्यात लाइट जायचीच.) आता पायथनमध्ये कॅपस्टोन ही बाइटवरून सूचना ओळखणारी लायब्ररी घ्या, बाइट द्या, चार-पाच ओळींत इन्स्ट्रक्शन वाचता येतात. गंमत अशी, की आमच्या किटवर सी३ हा हेक्स कोड म्हणजे जंप (दुसऱ्या पत्त्यावर उडी), अन् कॅपस्टोनला एक्स८६ (पीसीतला प्रोसेसर) सांगून तोच बाइट दिला तर निघतो रिटर्न (जिथून आलो तिथं परत)! मी दोनदा तपासलं. कोड चालवून पाहायचा तर युनिकॉर्न हा नकली प्रोसेसर (एम्युलेटर) आहे, त्याचे रजिस्टरसुद्धा (प्रोसेसरच्या आतल्या आकडे ठेवायच्या जागा) पायथनमधूनच वाचता येतात. त्याचा लेखात उल्लेखच नाही, काऊन?