महादेव रडे दोन पैशासाठी

माझी पोरगी यंदा दहावीत आहे. परवा रात्री जेवणं झाल्यावर मी ओट्यावर बसून कृषी केंद्राच्या उधारीचा हिशोब जुळवत होतो. ती कुमारभारती घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, हे रसग्रहण सांगा न."

वहीत तिनं तीन रकाने पाडले होते. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. गाईडमधून उतरवलेलं होतं सगळं. "कवीने प्रस्तुत ओळींतून हा भाव अत्यंत समर्पक शब्दांत व्यक्त केला आहे." पानं उलटली तर तीन वेगवेगळ्या कवितांखाली हेच वाक्य. मी विचारलं, "कविता वाचली काय?"

"पाठ आहे."

"आवडली काय?"

लाईटचं बिल आवडलं काय असं विचारल्यासारखी ती माझ्याकडे पाहत राहिली.

तिची चूक नाही. आमच्या वेळीही हेच होतं. मी १९९४ साली दहावीला होतो, यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका शाळेत. सर कविता एका दमात वाचायचे, मग "म्हणजे" म्हणायचे आणि अर्थ सांगायला लागायचे. आम्ही तो वहीत उतरवायचो. कविता राहायची पुस्तकात, अर्थ यायचा वहीत, आणि परीक्षेला वहीच कामी यायची. एकदा मी उभा राहून विचारलं होतं, "सर, मंग कवीनं असं सरळच काहून नाही लिहिलं?" वर्ग हसला. उरलेला तास मी उभा.

तीस वर्षं झाली, पण मला अजूनही वाटतं की तो प्रश्न बरोबर होता. कविता वाचायला शिकायची तर सुरुवात तिथूनच करायला पाहिजे. सरळ काहून नाही लिहिलं?

म्हणून मी पुस्तक मिटवलं आणि पोरीला म्हटलं, पोळ्याची एखादी झडती म्हण.

विदर्भाबाहेरच्या मित्रांसाठी थोडं सांगतो. श्रावण अमावास्येला आमच्याकडे पोळा भरतो. आदल्या दिवशी खांदशेकणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावून त्याला आवतण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी दुपारनंतर झुली घातलेल्या, शिंगांना बेगड लावलेल्या जोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेनं उभ्या राहतात. पोळा फुटायच्या, म्हणजे तोरण तुटून जोड्या सुटायच्या आधी एकेक जण पुढे होऊन मोठ्यानं झडती म्हणतो. कोणी देवाची म्हणतो, कोणी सासू-सुनेची, कोणी सरपंचाला टोमणा हाणतो, कोणी कापसाच्या भावावर जागीच जुळवतो. शेवटी सगळा पोळा एका आवाजात ओरडतो, "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

पोरीनं सगळ्यांना येते तीच म्हटली:

वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी
महादेव रडे दोन पैशासाठी
पार्वतीच्या लुगड्याले छप्पन गाठी
देव कवा धावला गरिबासाठी

मी म्हटलं, आता याचं रसग्रहण कर. ती हसायला लागली. "बाबा, हे काय कविता हाय का?"

इथेच सगळं अडतं. जे तोंडात आहे, कानात आहे, त्याला कविता म्हणायचं नाही असं आपण लेकरांना नकळत शिकवतो. भुलाबाईची गाणी म्हणजे खेळ, भजन म्हणजे देवधर्म, झडती म्हणजे पोळ्याची गंमत. आणि कविता म्हणजे पुस्तकातलं ते, जे समजत नाही. ज्या पोरीला चाळीस-पन्नास झडत्या तोंडपाठ आहेत, तिला वाटतं की आपल्याला कवितेतलं काही कळत नाही.

मग आम्ही बसलो त्या चार ओळी घेऊन. तिची आई भांडी घासता घासता ऐकत होती.

पहिली ओळ मी सोडून द्यायला निघालो होतो. म्हटलं, ही नुसती यमकापुरती. पोरगीच म्हणाली, "पण बाबा, खोबऱ्याची वाटी तं रिकामीच असते न." मी गप्प. खरंच की. देवापुढे ठेवतात ती वाटी, पण आत काही नसतं. आणि महादेव तर हातात कवटी घेऊन भीक मागणारा देव. वाळल्या खोबऱ्याची वाटी तशीच दिसते. लिहिणाऱ्याच्या मनात हे होतं का? कोणाला विचारणार? झडतीला कर्ता नाही. पण शब्द तिथे आहे आणि तो हे सगळं पेलतो, एवढं मला पुरतं.

दुसऱ्या ओळीत देव रडतो. मंदिरात आपण देवापुढे रडतो, इथे उलटं आहे. आणि रडतो कशासाठी, तर दोन पैशासाठी. राज्यासाठी नाही, वियोगानं नाही.

तिसऱ्या ओळीवर ती म्हणाली, "गाठी म्हणजे डिझाईन असंन, बांधणीची." मी म्हटलं, असं नाही चालणार. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण आजकाल एक पळवाट निघाली आहे, की कवितेचा ज्याला जो वाटेल तो अर्थ. मग वाचायचीच कशाला? वरच्या ओळीत नवरा दोन पैशासाठी रडतो आणि खालच्या ओळीत बायको बांधणीचं लुगडं नेसते, हे जुळतं काय? शेजारची ओळ जो अर्थ नाकारते, तो सोडून द्यायचा. तेवढ्यात तिची आई मोरीतून बोलली, "फाटलं का गाठ मारत होती माही आजी. सुई-दोऱ्यालेही पैसे लागे." आता हे गाईडमध्ये कुठून येणार? लुगडं नऊवारी असतं, त्याला छप्पन गाठी म्हणजे ते किती ठिकाणी फाटलं असेल. आणि आकडा छप्पनच का? पन्नास का नाही? मी तिला विचारलं, देवाच्या संबंधात छप्पन आणखी कुठे येतं? ती लगेच म्हणाली, "छप्पन भोग!" आणि स्वतःच थबकली. देवाला छप्पन भोग आणि देवाच्या बायकोला छप्पन गाठी.

त्या क्षणी तिच्या तोंडावर जे आलं ते मला कुठल्याच रकान्यात लिहिता येणार नाही.

शेवटची ओळ वळण घेते. आधी तिघांची गरिबी सांगितली: वाटी, महादेव, पार्वती. मग अचानक देवालाच सवाल. "देव कवा धावला गरिबासाठी?" 'साठी' हा शब्द दोनदा आला आहे. आधी "पैशासाठी" रडणारा, मग "गरिबासाठी" न धावणारा. ही तक्रार आहे की दया? देव धावत नाही म्हणून राग आहे, की तोच इतका फाटका आहे की धावणार कसा? आम्ही दोघं बराच वेळ भांडलो यावर. तिचं म्हणणं राग. माझं म्हणणं दोन्ही.

आणि मग माझा जुना प्रश्न. सरळ काहून नाही म्हटलं? "गरिबाला कोणी वाली नाही" एवढंच तर आहे. पण तोरणाखाली पाटील उभा असतो, सावकार उभा असतो, ज्याच्याकडून बियाण्याला पैसे घेतले तो उभा असतो. त्यांच्या तोंडावर हे सरळ म्हणून पाहा. महादेवाला पुढे केला की मात्र सगळ्यांना हसता येतं, आणि ज्याला लागायचं त्याला लागतंही. कवितेतलं आडवळण असं कामाचं असतं. ते नटण्यासाठी असतं असं शाळेत सांगतात, तिथे गडबड होते.

मी स्वतः कविता वाचायला लागलो ती कापसाच्या रांगेत. तेव्हा एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारलाच विकावा लागायचा. केंद्रावर गाडी नेली की नंबर लागेपर्यंत एक रात्र, कधी दोन रात्री तिथेच. गाडीखाली झोपायचं, बैलांना कडबा टाकायचा, चोरी होऊ नये म्हणून जागायचं. मी वीस वर्षांचा असेन. एका मित्राकडून सुरेश भटांचं 'एल्गार' आणलं होतं. फाटकं, मुखपृष्ठ नसलेलं. अमरावतीचा कवी, आपल्याकडचा माणूस, म्हणून आणलं, दुसरं कारण नव्हतं. वेळ जात नव्हता म्हणून बॅटरीच्या उजेडात बाबांना मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो. बाबा चौथी शिकलेले. गझल म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण शेराची पहिली ओळ झाली की ते थांबून ऐकायचे, आणि दुसरी ओळ रदीफवर येऊन टेकली की "वा रे" म्हणायचे. बरोबर त्याच जागी. एकदाही चुकले नाहीत.

नंतर कळलं की गझलेची रचनाच तशी. ओळीच्या शेवटी पुन्हापुन्हा येतो तो रदीफ, त्याच्या आधीचं यमक म्हणजे काफिया. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, दोन्ही ओळी त्यावर संपतात, पुढे प्रत्येक शेराची फक्त दुसरी. पहिली ओळ ऐकणाऱ्याला टांगून ठेवते. भटांनी नव्या लिहिणाऱ्यांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहून हे सगळं समजावून ठेवलं आहे. पण बाबांच्या कानाला ते आधीच ठाऊक होतं, भजनाच्या धृपदावरून. आणि प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. एकात प्रेम असेल, दुसऱ्यात समाजावर राग. अशा गझलेची 'मध्यवर्ती कल्पना' दोन ओळींत लिहा असा प्रश्न मी स्वतः पाहिला आहे. तो म्हणजे आठवडी बाजाराची मध्यवर्ती कल्पना विचारण्यासारखं झालं.

कान आधी, हे मला हरिनाम सप्ताहातही पटलं. अभंगाची अक्षरं मोजा: "सुंदर ते ध्यान" सहा, "उभे विटेवरी" सहा, "कर कटावरी" सहा, आणि "ठेवोनिया" चारच. शेवटचं पाऊल आखूड. तिथे श्वास थांबतो, टाळ पडतो, आणि विठ्ठल उभाच राहतो. हे कोणी समजावून सांगितलं नव्हतं, मृदंगाजवळ बसल्यावर आपोआप लक्षात आलं. मनातल्या मनात वाचली तर ही ओळ नुसती माहिती देते.

सगळंच समजतं असं मात्र म्हणणार नाही. नागपूरचे ग्रेस माझ्याजवळ आहेत, 'संध्याकाळच्या कविता', १९६७ चं पुस्तक. कितीदा वाचलं असेल. काही कविता अजून बंद दारासारख्या आहेत. त्यांना दुर्बोध म्हणणारे पुष्कळ होते, मीही म्हणायचो. आता म्हणत नाही. संध्याकाळी शेतातून डवरणी करून आल्यावर, हातपाय धुऊन, मोठ्यानं वाचतो. कधी एखादी ओळ उघडते, कधी नाही. पाऊस कधी येईल हे तरी कुठे माहीत असतं आपल्याला? तरी शेत तयार ठेवतोच ना.

आणि आपल्या मातीत हे नवीन थोडंच आहे. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर घ्या. महानुभावांचं ते मोठं स्थान. महदंबेचे धवळे त्याच परंपरेतले, तेराव्या शतकातले, मराठीतल्या पहिल्या कवयित्रीचे. धवळे म्हणजे लग्नातली गाणी. कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची. आणि रुक्मिणी कुठली? वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरची, आपल्या विदर्भाची लेक. म्हणजे मराठीतल्या बाईची पहिली कविता आपल्याच पोरीच्या लग्नाची. माझी आई हळदीला जे गाते ते ऐकताना मला हे आठवतं. तिला सांगितलं तर म्हणते, "असंन बापा. तू पंगतीचं पाय आधी."

पोरीनं दुसऱ्या दिवशी पुस्तकातल्या कवितेचं रसग्रहण स्वतःच्या शब्दांत लिहून नेलं. चारपैकी दोन गुण. शेरा होता, "मुद्दे अपुरे." मला राग आला, पण तिला म्हटलं, बोर्डाच्या पेपरात गाईडसारखंच लिही बाई, गुण पाहिजेत आपल्याला. हे सांगताना बरं वाटलं नाही. पण खोटं कशाला बोलू, बाप आहे मी.

काल संध्याकाळी पारावर झडतीची ही गोष्ट निघाली. आमचे आबाजी होते तिथे. ऐंशीच्या पुढचे, उभा जन्म सालदारकीत, म्हणजे सालाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबण्यात गेला. मी मोठ्या ऐटीत छप्पन भोग, छप्पन गाठी सगळं सांगितलं. त्यांनी तंबाखू मळत शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "थे सगळं बराबर हाय. पण दोन पैसे कायचे, थे नाही सांगतलं तू."

मी म्हटलं, सांगा.

"बोजाऱ्याचे. पोळा फुटला का बैल घेऊन घरोघरी कोण जाते? सालदार जाते. बैल मालकाचा, झूल मालकाची. सालदाराच्या हाती बोजाऱ्याचे दोन पैसे. थेही कोणी देत होता, कोणी नव्हता देत." तंबाखू तोंडात टाकली, थोडं थांबले. "आमी झडती म्हणो तवा महादेव कोण होता, हे आमाले मालूम होतं."