बॉर्डरवरचे आकडे आणि धमन्यांची भिंत

रक्तदाबाच्या रुग्णांसाठी म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या संदेशांचा आशय साधारण असा असतो: वरचा रक्तदाब ‘वय अधिक शंभर’ इतका असला तरी चालतो, बारीक माणसाला मेटाबॉलिक सिंड्रोम (कंबर, रक्तदाब, साखर, चरबी असे घटक एकत्र बिघडणे) होत नाही, साखर आणि चरबी ‘बॉर्डर’वर असेल तर ती नॉर्मलच धरावी, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी मधुमेह होतो, म्हणून लसूण, आले, लिंबू व व्हिनेगर यांचा रस घेऊन धमन्या साफ कराव्यात.

पहिल्या हिशेबाला एके काळी डॉक्टरांचीही मान्यता होती, हे खरे. पण ६१ अभ्यासांतील सुमारे दहा लाख प्रौढांची माहिती एकत्र करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की ४० ते ६९ या वयात, ११५/७५ पासून पुढे, वरचा दाब दर २० अंकांनी वाढला की हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मृत्यू येण्याचा धोका दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. वयाबरोबर दाब वाढणे अटळ आहे, हेही खरे नाही. १९८८ च्या ‘इंटरसॉल्ट’ अभ्यासात, जवळजवळ मीठच न खाणाऱ्या ब्राझीलमधील यानोमामी लोकांचा रक्तदाब वयानुसार वाढत नसल्याचे आढळले.

‘बारीक आहे, म्हणजे ठीक आहे’ हा समज तर आपल्याकडे विशेष घातक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचेच उदाहरण दिले होते: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणूनच दक्षिण आशियाई लोकांसाठी कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी कमी ठेवली आहे, आणि वजनकाट्यावर ‘नॉर्मल’ ठरणारी माणसेही ती सहज ओलांडतात.

खरी गफलत तिसऱ्या दाव्यात आहे. मेटाबॉलिक सिंड्रोमच्या पाच निकषांपैकी तीन पुरेसे असतात: वाढलेली कंबर, १५० किंवा अधिक ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी), कमी एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल (पुरुषांत ४० खाली, स्त्रियांत ५० खाली), १३०/८५ किंवा अधिक रक्तदाब, आणि उपाशीपोटी १०० किंवा अधिक साखर. रक्तदाबाचा रुग्ण यांतला एक निकष आधीच पूर्ण करून बसलेला असतो. त्यामुळे रिपोर्टवर ‘बॉर्डर’ असे लिहिलेले आणखी दोन आकडे त्याला पुरतात. या नावाला निदान म्हणून स्वतंत्र अर्थ आहे का, यावर तज्ज्ञांत जुना वाद आहे, परंतु यातला प्रत्येक घटक धमनीला अपाय करतो याबद्दल वाद नाही.

इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले की रक्तात त्याचे प्रमाण वाढते, मूत्रपिंड अधिक सोडियम धरून ठेवते आणि धमन्यांच्या आतल्या अस्तरातून स्रवणारा, धमनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो. जास्तीची साखर भिंतीतील कोलॅजनचे धागे एकमेकांना जखडते, तर वर्षानुवर्षांच्या दाबाने लवचीक इलास्टिन तुटत जाते. महाधमनी अशी ताठर झाली की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याची लाट तीतून वेगाने जाते आणि लवकर परत फिरते. परिणामी वरचा दाब चढतो, खालचा उतरतो आणि हृदयावरचा भार वाढतो. उतारवयात १६०/७० असा आकडा पाहून ‘खालचा तर छान आहे’ म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. दोन आकड्यांतले वाढते अंतर हेच ताठरपणाचे लक्षण आहे.

गोळ्यांविषयीच्या दाव्यात मात्र सत्याचा अंश आहे. थायझाइड गटातील (लघवी वाढवून दाब उतरवणारी) औषधे, विशेषतः मोठ्या मात्रेत, आणि हृदयाची गती कमी करणारे जुने बीटा-ब्लॉकर काही रुग्णांत साखर थोडी वाढवतात. एसीई इनहिबिटर आणि एआरबी या रक्तदाबाच्याच औषधांच्या दुसऱ्या गटांमुळे तसे होत नाही. तेव्हा साखर वाढत असल्यास औषध बदलून मिळेल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. परस्पर गोळी बंद करणे वेगळे. त्याने दाब पुन्हा चढतो, आणि बीटा-ब्लॉकर एकाएकी थांबवणे हृदयरुग्णाच्या तर जिवावर बेतू शकते.

राहिला रस. नळात क्षार साचावा तशी चरबी धमनीच्या पोकळीत चिकटलेली असते, या कल्पनेवर तो उभा आहे. प्रत्यक्षात ती अस्तराखाली, भिंतीच्या आत साठते, त्यामुळे धुऊन काढण्याजोगे वर काही नसतेच. २००६ च्या ‘अ‍ॅस्टेरॉइड’ अभ्यासात रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाची ४० मिलिग्रॅमची मोठी मात्रा रोज, तीही २४ महिने दिल्यावर भिंतीतल्या या साठ्याचे प्रमाण सरासरी जेमतेम एका टक्क्याने घटले होते.