मधला ठिपका

आज दुपारी माझी भाची नवा कॅमेरा आणि माझाच जुना फ्लॅश घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "मामा, माझंच काहीतरी चुकतंय." फ्लॅश उडत नव्हता. तिने सेल दोनदा बदलले होते, हॉट शू, म्हणजे कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायची खाच, रुमालाने पुसून पाहिला होता आणि माहितीपुस्तिकाही पहिल्या पानापासून वाचून काढली होती. चाचणीचे बटण दाबले की फ्लॅश लख्ख उडायचा. माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या बॉडीवर चढवला की तिथेही उडायचा. शेवटी मी टॉर्च धरून तिच्या कॅमेऱ्याचा शू नीट पाहिला, तर त्यात मधला ठिपकाच नव्हता.

ज्यांनी फ्लॅश कधी वापरला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. शूच्या मधोमध धातूचा एक गोल ठिपका असतो. शटर उघडले की कॅमेरा तो ठिपका आणि शूची कड क्षणभर जोडतो आणि फ्लॅश उडतो. या एवढ्याशा सोयीच्या भरवशावर कित्येक दशके एका कंपनीचा साधा फ्लॅश दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर चालत आला आहे. तिच्या कॅमेऱ्याच्याच कंपनीच्या महागड्या बॉडींवर तो ठिपका आजही शाबूत आहे.

काटकसरीबद्दल माझी तक्रार नाही. स्वस्त बॉडीत डोळा लावायच्या खिडकीत काचेच्या प्रिझमऐवजी आरसे बसवा, धातूऐवजी प्लॅस्टिक वापरा, दोन डायलऐवजी एकच द्या, ते समजते. निकॉनने २००६ मध्ये डी४० मधून फोकसची मोटर काढली, तेव्हा जुन्या लेन्स हाताने फोकस कराव्या लागल्या म्हणून लोक चिडले; पण निदान कॅमेरा लहान आणि हलका तरी झाला. ठिपका काढून भाचीला काय मिळाले? वजन किती कमी झाले?

ही काटकसर नव्हे, हे कुंपण आहे, आणि ते जुनेच आहे. कॅननचा ३००डी २००३ मध्ये आला, तेव्हा त्याचा ६.३ मेगापिक्सेलचा सेन्सर वरच्या १०डीचाच होता, पण काही सुविधा फर्मवेअरमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येच, बंद करून ठेवल्या होत्या. हौशी लोकांनी फर्मवेअर बदलून त्यांतल्या काही चालू केल्या. म्हणजे वस्तू आत होती, फक्त कुलूप लावून विकली होती. नवशिक्याने लवकर कंटाळावे आणि वरचे मॉडेल घ्यावे, असाच हा हिशेब आहे.

जुन्या फ्लॅशचा ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे त्याच्या ठिपक्यावर येणारा विजेचा दाब, कधीकधी इतका जास्त असतो की नवा कॅमेरा बिघडू शकतो, हे कोणी सांगण्याआधीच मान्य करतो. पण मग महागड्या बॉडीला त्याची भीती का वाटत नाही? आणि हो, २०१० मध्ये जगभरात बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांबाहेर पडले होते, ते आता एक कोटीच्याही आत आले आहेत. फोनने बाजार खाल्ल्यावर कंपन्या नफ्याच्या वरच्या मजल्यावर चढल्या, यात नवल नाही. पेंटॅक्सने २०१२ मध्ये के-३० सारख्या मधल्या बॉडीत खरा प्रिझम, दोन डायल आणि पावसापासून संरक्षण असे सगळे दिले आणि तरीही ती कंपनी मागेच राहिली, हेही मला ठाऊक आहे.

तरीही राग जात नाही, कारण तो कंपनीच्या नफ्याचा नाही, दारातल्या त्या वाक्याचा आहे. मुलगी पहिल्यांदा छतावरून प्रकाश उसळवून पाहणार होती आणि सकाळभर स्वतःलाच दोष देत बसली होती. कारखान्यात कोणीतरी ठरवून एक ठिपका वगळला आणि त्याची शरम हिच्या वाट्याला आली. फोनच्या गर्दीतून उठून हातात कॅमेरा घेणारी माणसे आधीच थोडी उरली आहेत, आणि त्यांना आपण असे वागवतो!

असो. लिहिता लिहिता चहा गार झाला आणि मीही थोडा गार झालो. आतल्या खोलीत ती माझी जुनी बॉडी घेऊन पडद्यावर फ्लॅश मारते आहे. दर मिनिटाला दाराखालून उजेड येतो. तिच्या कॅमेऱ्याला स्वतःचा छोटा फ्लॅश आहे, त्याच्या उजेडावर माझा फ्लॅश चालवता येईल. कोणाकडे ऑप्टिकल स्लेव्ह, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून आपला फ्लॅश उडवणारी डबी, पडून असेल, आणि तीही प्री-फ्लॅशला, म्हणजे फोटोआधीच्या मोजमापाच्या चमकीला, न फसणारी, तर कृपया कळवा.