भाच्याने आणलेला बॉक्स पुण्यात का चालणार नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अँटेनावरून टीव्ही पाहण्यासाठी लागणाऱ्या डिजिटल कन्व्हर्टर बॉक्सची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत. एचडीएमआय (नव्या टीव्हीला डिजिटल चित्र-आवाज एकाच वायरने देणारी जोडणी) नसलेले अमेरिकी बॉक्स मी वाखाणले, हा पहिला. बॉक्सना पहिला, दुसरा असे क्रमांक दिले नाहीत, हा दुसरा. आणि भाच्याने अमेरिकेहून आणलेला बॉक्स आपल्या कोथरूडच्या घरी चालणार नाही असे लिहून मी वाचकांना उगाच नाउमेद केले, हा तिसरा. "डिजिटल ते डिजिटल, अँटेना जोडला की चॅनेल आपोआप सापडतील," असे आपण लिहिले आहे. तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोहोंची उत्तरे बऱ्याच अंशी त्यातच आहेत.

कन्व्हर्टर बॉक्स नेहमी कोणत्या तरी एका प्रसारणपद्धतीसाठी बनवलेला असतो. अमेरिकेत ती पद्धत एटीएससी. तिच्यात एका चॅनेलला 6 मेगाहर्ट्झची जागा मिळते आणि एकाच वाहक लहरीवर, आठ पातळ्यांच्या साहाय्याने, सेकंदाला सुमारे 19.4 मेगाबिट माहिती पाठवली जाते. दूरदर्शनने आपल्याकडे 2016 मध्ये सुरू केलेली पद्धत डीव्हीबी-टी2. तिच्यात चॅनेलची रुंदी 8 मेगाहर्ट्झ असते आणि तीच माहिती हजारो बारीक वाहक लहरींवर वाटून पाठवली जाते. हवेतून आलेली लहर अँटेनातून दोन्ही बॉक्समध्ये सारखीच शिरेल, परंतु ती उलगडण्याचे काम ज्या चिपकडे असते, तिला दुसऱ्या पद्धतीचा संकेत निव्वळ गोंगाटच वाटतो. तेव्हा आपण कितीही वेळा चॅनेल शोधलेत तरी पडद्यावर शून्यच येईल, आणि त्यात दोष अँटेनाचाही नसेल आणि वायरचाही नसेल. शिवाय जुन्या टीव्हीला चित्र देण्याच्याही पद्धती वेगळ्या. तो बॉक्स जे चित्र देतो ते अमेरिकी एनटीएससी पद्धतीचे असते, तर आपल्याकडचे जुने संच पाल पद्धतीचे. विजेचेही पाहावे लागते. तिकडे 120 व्होल्ट, इकडे 230. अॅडॉप्टरवर दोन्ही आकडे छापलेले नसतील तर तो बॉक्स कृपया प्लगमध्ये लावूही नका.

यापेक्षा मोठी अडचण पुण्यातल्या हवेत काय आहे, याची आहे. 1973 पासून सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले आणि गावातल्या गच्च्यांवरचे अँटेना नैर्ऋत्येकडे वळले. ते सगळे अॅनालॉग होते, म्हणजे चित्र आकड्यांत न बदलता थेट लहरीवरून येई. संकेत क्षीण झाला तर पडद्यावर मुंग्या येत, पण बातम्या ऐकू तरी येत. डिजिटलमध्ये ही मधली अवस्था जवळजवळ नसते. चित्र स्वच्छ दिसते, नंतर त्याचे चौकोन पडतात आणि लगेच पडदा काळा होतो. दूरदर्शनच्या डीव्हीबी-टी2 प्रसारणाच्या पहिल्या टप्प्यातील 16 शहरांत मुंबई आणि औरंगाबाद होती, पुणे नव्हते. आणि 2021 च्या अखेरीपर्यंत देशातील बहुतेक अॅनालॉग प्रक्षेपक बंद झाले. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, जमिनीवरच्या प्रसारणासाठी कोणताही बॉक्स विकत घेण्यापूर्वी आपल्या भागात त्या पद्धतीचा प्रक्षेपक चालू आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी.

आता एचडीएमआयविषयी. लेखातले अमेरिकी बॉक्स ज्या काळातले आहेत, त्या काळाचा नियम लक्षात घ्यायला हवा. 12 जून 2009 रोजी अमेरिकेतील पूर्ण क्षमतेची अॅनालॉग केंद्रे बंद झाली. त्याआधी सरकारने प्रत्येक घराला 40 डॉलरची दोन कुपने देऊ केली, आणि कुपनावर मिळणाऱ्या बॉक्समध्ये एचडीएमआय असण्यास नियमानेच मनाई होती. जुना संच कचऱ्यात जाऊ नये, हा त्या योजनेचा हेतू होता आणि जुन्या संचाला एचडीएमआयचे भोक नसतेच. त्याऐवजी ग्रहणशक्तीची किमान पातळी ठरवून दिली होती, आणि बंद अवस्थेत बॉक्सने 2 वॅटपेक्षा जास्त वीज खाऊ नये असेही बंधन होते. मला हे नियम फार शहाणपणाचे वाटतात. त्या बॉक्समधला खरा फरक दुसरीकडेच होता. झेनिथ कंपनीचा डीटीटी900 आणि इन्सिग्निया कंपनीचा एनएस-डीएक्सए1 हे त्यातले दोन बॉक्स आतून एकच यंत्र. पण त्यांच्यातून अॅनालॉग संकेत टीव्हीपर्यंत जात नसे. कमी क्षमतेची स्थानिक केंद्रे 2009 नंतरही अॅनालॉगच राहिल्यामुळे ती पाहायची तर प्रत्येक वेळी वायर काढून घालावी लागे. पुढच्या डीटीटी901 मध्ये ती सोय आली. वापरणाऱ्या माणसाला रोज जाणवणारा फरक तो हा.

क्रमांक मी दिले नाहीत आणि देणारही नाही. एकच बॉक्स एका इमारतीत उत्तम चालतो आणि समोरच्या इमारतीत अडखळतो, कारण भिंतींवरून परतलेल्या लहरी मूळ लहरीच्या मागोमाग अँटेनात शिरतात आणि त्या निस्तरण्याची ताकद प्रत्येक चिपची वेगळी असते. तुलना करायची तर तोच अँटेना, तीच वायर आणि तीच वेळ ठेवून फक्त बॉक्स बदलावा. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक संकेताच्या जोराची आणि दुसरी गुणवत्तेची. दुकानदार बहुधा पहिली दाखवतात, तुम्ही मात्र दुसरीकडे पाहा. जोराची पट्टी भरलेली आणि गुणवत्तेची रिकामी, असे दिसले तर बॉक्सला काहीतरी ऐकू येते आहे पण कळत काहीच नाही.

आपल्या घरापुरते सांगायचे तर डीडी फ्री डिश, म्हणजे उपग्रहावरून छत्रीने (डिश अँटेनाने) पकडायची दूरदर्शनची सेवा, हा सरळ मार्ग आहे. महिन्याचे पैसे नाहीत. चित्र आटोपशीर करून पाठवण्याच्या जुन्या पद्धतीला एमपीईजी-2 आणि नव्या पद्धतीला एमपीईजी-4 म्हणतात. बॉक्स एमपीईजी-4 चाच घ्या, कारण स्वस्तातला एमपीईजी-2 चा बॉक्स त्यावरची काही चॅनेल दाखवूच शकत नाही. मात्र गच्चीवरचा जुना अँटेना त्या बॉक्सला जोडू नका. बॉक्सच्या ज्या भोकात छत्रीची वायर लागते त्यातून 13 किंवा 18 व्होल्ट बाहेर येत असतात आणि तो पकडतो त्या लहरींची पट्टीही निराळी असते. फ्री डिश ज्यावरून येते तो जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे, त्यामुळे पुण्यातून छत्रीची नजर आग्नेयेकडे, क्षितिजापासून साधारण 59 अंश वर लागते. जोराच्या पावसात चित्र थोडा वेळ जाईल, तेवढ्यासाठी छत्री हलवू नका. भाच्याचा बॉक्स अमेरिकेला जाणाऱ्या कोणाबरोबर तरी परत पाठवा, तिथे तो अजूनही कामाचा आहे. आपल्या गच्चीची आग्नेय बाजू मोकळी आहे की शेजारची इमारत आड येते, ते कळवलेत तर छत्री कुठे बसवावी हेही सांगता येईल.